किक आणि सेल्फ: जुनी ब्रिटिश मोटरसायकल चालू करण्याचा बिनचूक क्रम

दहा-बारा किक मारूनही गाडी दाद देत नाही, तेव्हा 'एकदाचा सेल्फ बसवून टाकू' असं बरेचजण ठरवतात. इथेच क्रम उलटा होतो. जी गाडी थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होत नाही, तिच्यावर बसवलेला सेल्फ आधी बॅटरी उतरवतो आणि मग स्वतः तुटतो. किकवर भागतं त्यापेक्षा सेल्फला इंजिनाचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जास्त नेमकं लागतं. म्हणून हा लेख आधी किकचा आहे आणि मग सेल्फचा. टप्पे याच क्रमाने करा.

यात नॉर्टन कमांडो, ट्रायम्फच्या ६५० व ७५० ट्विन (दोन सिलिंडरच्या), बीएसए आणि मूळच्या रेडिचच्या आराखड्यावर मद्रासला बनलेली कास्ट आयर्न बुलेट या गाड्या धरल्या आहेत. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) इंजिनाच्या बुलेटला यातलं बरंचसं लागू नाही.

## टप्पा १: गाडीवर काय आहे ते आधी बघा

इग्निशन कोणतं आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावर ठिणगीची वीज स्वतःच बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही. बॅटरी मेलेली असली तरी किकवर गाडी चालू होते. पॉइंट-कॉइलला (उघडझाप करणारे पॉइंट कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडतात) बॅटरी लागते, पण थोडी उतरलेली असली तरी चालतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं तसं नाही. विशेषतः बॉयर-ब्रॅन्सडेनचे जुने ॲनालॉग संच व्होल्टेज पडलं की भलत्याच वेळी ठिणगी टाकतात आणि किक उलटी येते. दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक आहे, असं या गाड्यांवर धरून चालू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांवर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं असतं. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या हाताला निगेटिव्ह अर्थची सवय. त्यामुळे नवी बॅटरी उलटी लागते आणि रेक्टिफायर, झेनर डायोड किंवा इग्निशनचा डबा त्याच क्षणी जातो.

सावध: बॅटरी काढण्याआधी कोणतं टोक फ्रेमला आहे याचा फोटो काढून ठेवा. वायरचा रंग बघून ठरवू नका. पन्नास वर्षांत वायरिंग कुणी ना कुणी बदललेलं असतं.

## टप्पा २: ऑइल, क्लच आणि किकचा दांडा

या गाड्यांत ऑइलची टाकी वेगळी असते; बुलेटमध्ये ती इंजिनाच्या केसमध्येच बनवलेला वेगळा कप्पा आहे. गाडी काही आठवडे उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळच्या केसमध्ये) उतरतं. मग टाकी रिकामी दिसते, मालक वरून लिटरभर ऑइल ओततो, आणि गाडी चालू झाल्यावर सगळं जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि सीलमधून बाहेर येतं. पातळी कमी दिसली तर भर घालू नका. क्रँककेसचा ड्रेन प्लग काढा, खाली भांडं ठेवा, किती निघतं ते बघा आणि तेवढंच टाकीत भरा. पातळीचा शेवटचा निर्णय इंजिन पाच मिनिटं चालल्यावर. ऑइलने भरलेली क्रँककेस किकलाही जड जाते आणि सेल्फला त्याहून जड.

क्लच प्लेटा चिकटणं हा दुसरा नेहमीचा आजार. कमांडोत गिअरबॉक्सचं ऑइल क्लचच्या पुशरॉडवरून सरकत प्लेटांवर येतं आणि घट्ट चिकटतं. इग्निशन बंद ठेवा, क्लच पूर्ण दाबा, किक दोन-तीनदा खाली न्या. सुरुवातीला इंजिन सोबत फिरेल. प्लेटा सुटल्या की किक एकदम हलकी होईल. हे केलं नाही तर पहिला गिअर टाकताना गाडी धक्का देऊन उडी मारते.

याच निमित्ताने एक फरक ध्यानात ठेवा. या गाड्यांत किकचा जोर गिअरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनाला जातो. म्हणून गिअरमध्ये, क्लच दाबून किक मारता येत नाही. सिग्नलला गाडी बंद पडली तर आधी न्यूट्रल. जुन्या बुलेटला मागचा न्यूट्रल फाइंडर यासाठीच आहे. सेल्फ मात्र प्रायमरीतून (इंजिन ते क्लचच्या चेनच्या बाजूने) किंवा टायमिंग गिअरमधून थेट क्रँकला फिरवतो, त्यामुळे तो क्लच दाबून गिअरमध्येही चालतो. गर्दीत सेल्फचा खरा फायदा हाच.

तपासा: किक दाबली आणि ती कॉम्प्रेशनवर अडून मग लोण्यासारखी खाली सरकली, तर क्लच घसरतोय: केबलला ढील नाही किंवा स्प्रिंग सैल आहेत. कडकन उडी मारून खाली गेली, तर रॅचेट किंवा किकच्या क्वाड्रंटचा (अर्धवट दातेरी चाकाचा) पहिला दात झिजला आहे. दुसऱ्या प्रकारात किक मारत राहू नका. पायाचा घोटा आणि गुडघा त्यातच जातो. ट्रायम्फच्या दांड्याची कॉटर पिन आणि बुलेट-नॉर्टनच्या दांड्याचा आवळ बोल्ट हाताने हलवून बघा. जराही हालचाल असेल तर आधी तो घट्ट करा, नाहीतर शाफ्टवरच्या खाचा खाल्ल्या जातात.

## टप्पा ३: ठिणगी योग्य वेळी पडते का

किक उलटी येण्याचं कारण जवळजवळ नेहमी इथेच सापडतं. किकने इंजिन हळू फिरतं. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधीच स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलतो आणि क्रँक उलटा फिरतो. पायाला लागतो तोच झटका सेल्फ असताना त्याच्या गिअरना लागतो.

या क्रमाने बघा:

१. प्लग काढा. पॉइंटच्या गाडीला गॅप ०.५ ते ०.६ मिमी. काळा, ओला प्लग पुसून परत लावू नका, नवा लावून बघा. काजळी धरलेला प्लग बाहेर ठिणगी देतो आणि आत दाबाखाली देत नाही.

२. पॉइंटचा गॅप फिलर गेजने मोजा. लुकास (गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) च्या कॉइल इग्निशनवर ०.३८ मिमी, बुलेटवर ०.३५ ते ०.४० मिमी, लुकास मॅग्नेटोवर ०.३० मिमी. पॉइंट पूर्ण उघडलेले असतानाच मोजायचं. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर.

३. ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी रचना) वजनं बोटाने बाहेर ढकला आणि सोडा. ती झटकन आपल्या जागी परत यायला हवीत. स्प्रिंग ताणलेल्या असतील किंवा पिन गंजलेली असेल तर वजनं अर्धवट बाहेर राहतात, म्हणजे इंजिन सुरू व्हायच्या आधीच टायमिंग पुढे गेलेलं. टायमिंग दहादा लावूनही किक उलटी येते, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे बघा. पावसाळ्यात बंद राहिलेल्या बुलेटमध्ये तर हे ठरलेलं.

४. टायमिंग स्ट्रोब लाइटने (प्रत्येक ठिणगीला लखलखणाऱ्या दिव्याने), पूर्ण ॲडव्हान्सला लावा. ट्रायम्फ ६५०/७५० ट्विनला वरच्या टोकाआधी ३८ अंश, कमांडोला पॉइंटवर २८ अंश, बॉयरवर ३१ अंश. पॉइंट नुसते उघडताना बघून लावलेलं टायमिंग ही फक्त सुरुवात समजा. कमांडोच्या प्रायमरी कव्हरवरची अंशांची पट्टी प्रत्येक गाडीवर बरोबर असतेच असं नाही. एकदा डिग्री डिस्क (अंश कोरलेली चकती) लावून ताडून घ्या आणि फरक लिहून ठेवा.

मॅग्नेटोच्या गाडीला हँडलवर ॲडव्हान्स-रिटार्डचा लिव्हर असतो. किक मारताना रिटार्ड, चालू झाल्यावर ॲडव्हान्स. पण केबल ताणल्यावर काही मॅग्नेटो ॲडव्हान्स होतात, काही रिटार्ड. लिव्हर हलवून मॅग्नेटोच्या कॅमरिंगकडे (पॉइंट उघडणाऱ्या कडीकडे) बघा आणि मगच ठरवा. ऐकीव माहितीवर लिव्हर उलटा ठेवून मारलेली किक फार महागात पडते.

सावध: ठिणगी बघताना प्लग सिलिंडर हेडला टेकलेलाच हवा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर प्लगची वायर मोकळी लोंबत ठेवून किक मारली तर कॉइल आणि डबा दोन्ही जाऊ शकतात. प्लगच्या भोकापासून ठिणगी लांब ठेवा; तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.

## टप्पा ४: पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

गाडी चोक लावून किंवा टिकलर (कार्ब्युरेटरवरचं पेट्रोल पाझरवणारं बटण) दाबून चालू होते, मग आयडलला मरते, ॲक्सिलरेटर पिळून धरावा लागतो. ही सगळी लक्षणं बंद पायलट जेटची (आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाची). ॲमल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरमध्ये पायलटचं भोक सुमारे ०.४ मिमीचं आहे आणि ते बॉडीच्या आत खोलवर बसलेलं असतं. नुसत्या फवाऱ्याने ते साफ होत नाही. पायलट एअर स्क्रू काढा, त्याच भोकातून ०.४ मिमीचं ड्रिल हाताने अलगद फिरवत आत न्या आणि मग क्लीनर मारा. स्क्रू परत पूर्ण आवळा आणि दीड आटा बाहेर घ्या; बाकीचं सेटिंग गरम इंजिनवर.

दोन कार्ब्युरेटरच्या गाडीवर एअर फिल्टर काढा, आतल्या स्लाइडवर एकेक बोट ठेवा आणि ॲक्सिलरेटर हळू फिरवा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी उचलली जात असेल तर गाडी एकाच सिलिंडरवर पकडते आणि विझते.

महिनाभर उभ्या गाडीच्या फ्लोट बाउलमधलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल उभ्या गाडीत लवकर बिघडतं आणि जुन्या नळ्या, फायबर टँकही खराब करतं.

## टप्पा ५: थंड इंजिन, किकवर

गाडी सपाट जमिनीवर, मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर उभी करून त्यावर भार देत किक मारू नका. स्टँडचा पिव्हट वाकतो. पायात जाड तळव्याचा बूट असू द्या, चप्पल नको.

१. इग्निशन बंद. क्लच दाबून प्लेटा सोडवून घ्या (टप्पा २).

२. पेट्रोल कॉक उघडा, अर्धा मिनिट थांबा.

३. टिकलर असेल तर दाबून धरा आणि पेट्रोल पाझरायला लागलं की लगेच सोडा. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्हींना. मॅग्नेटो कार्ब्युरेटरच्या खाली असेल तर सांडलेलं पेट्रोल पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मिकार्ब कार्ब्युरेटरच्या बुलेटला टिकलर नाही. तिथे चोक लिव्हर उचला.

४. इग्निशन बंद ठेवूनच दोन किक मारा, ॲक्सिलरेटर बंद. मिश्रण आत खेचलं जातं.

५. आता पिस्टनची जागा. बहुतेकांचं इथेच चुकतं.

*ट्विनसाठी:* किक हळू दाबत न्या, कॉम्प्रेशनचा अडथळा लागेल. तिथे थांबा, दांडा परत पूर्ण वर येऊ द्या आणि वरपासून खालपर्यंत मारा. अर्ध्यावरून मारलेल्या किकला पुरेशी झेप मिळत नाही.

*बुलेटसाठी:* इग्निशन चालू करा आणि अँपिअर मीटरकडे बघा. पॉइंट जुळलेले असतात तेव्हा काटा डिस्चार्जच्या बाजूला झुकतो. किक हळू दाबत न्या; काटा मधोमध आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाजवळ आहे. डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) दाबा, किक बोटभर पुढे न्या, लिव्हर सोडा, दांडा वर येऊ द्या. आता फ्लायव्हीलला पुढच्या कॉम्प्रेशनपर्यंत पोचायला जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळी वाट आहे.

६. ट्विनवर इग्निशन आता चालू करा. पॉइंट जुळलेल्या अवस्थेत चावी मिनिटभर चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते, म्हणून चावी शेवटी. बुलेटवरही काटा बघून झाला की रेंगाळू नका.

७. किक. गुडघा थोडा वाकलेला, शरीराचं सगळं वजन दांड्यावर, आणि पाय खालपर्यंत दांड्यासोबत. मध्येच पाय काढून घेतला तर उलटा आलेला दांडा नडगीवर बसतो. थंड इंजिनला ॲक्सिलरेटर बंद किंवा जेमतेम उघडा. किक मारता मारता पिळू नका.

तपासा: चौथ्या किकलाही चालू झाली नाही तर थांबा. प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगी नाही किंवा ओव्हरफ्लो झालं आहे. विसाव्या किकने यातलं काहीच कळत नाही.

कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आला आणि पेट्रोल पेटलं तर आधी कॉक बंद करा. ड्राय पावडरचं छोटं अग्निशामक हाताशी ठेवा. टिकलरच्या गाड्यांवर ही अतिकाळजी नाही.

## टप्पा ६: गरम इंजिन आणि ओव्हरफ्लो

गरम इंजिनला टिकलर नाही, चोक नाही. ॲक्सिलरेटर साधारण पाव आटा उघडा, कॉम्प्रेशन शोधा, किक मारा. सवयीने टिकलर दाबला की ओव्हरफ्लो ठरलेला.

तसं झालंच तर कॉक बंद, इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि सहा-आठ किक मारून इंजिन कोरडं करा. बुलेटवर डिकॉम्प दाबून. मग ॲक्सिलरेटर बंद, इग्निशन चालू, एक नीट किक. कॉक चालू झाल्यावर उघडा.

मॅग्नेटोची गाडी थंड असताना एका किकला आणि गरम झाल्यावर अजिबात नाही, असं वागत असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. मॅग्नेटोच्या गुंडाळीचं इन्सुलेशन किंवा कंडेन्सर गेलेला आहे. त्यावर गुंडाळीचं रिवाइंडिंग किंवा कंडेन्सर बदलणं हाच उपाय.

## टप्पा ७: गाडीला मुळातच सेल्फ असेल तर

१९७५ ची कमांडो ८५० मार्क ३, त्याच वर्षीची ट्रायम्फ ट्रायडंट टी१६० आणि १९८० ची बॉनव्हिल टी१४०ईएस या कंपनीच्या सेल्फवाल्या गाड्या. यांतल्या कमांडोवरचा प्रेस्टोलाइट स्टार्टर अशक्त म्हणूनच ओळखला जातो. थंड इंजिन तो एकट्याने धड फिरवू शकत नाही. पण त्यातला बराचसा अशक्तपणा वायरिंगचा असतो, आणि तो मोजता येतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इग्निशन तोडून ठेवा, म्हणजे गाडी चालू होणार नाही, आणि सगळे प्लग हेडला अर्थ करा. पुढची मापं सेल्फ दाबलेला असतानाची, पहिलं सोडून:

- बॅटरी स्वस्थ, रात्रभर ठेवल्यावर: १२.६ व्होल्ट किंवा जास्त. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली.
- सेल्फ दाबल्यावर बॅटरीच्या दोन टोकांत: १० व्होल्टच्या वर असावं. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी लहान आहे किंवा संपली आहे.
- बॅटरीचं जिवंत टोक ते स्टार्टरचं टर्मिनल: फरक ०.५ व्होल्टच्या आत.
- बॅटरीचं अर्थ टोक ते इंजिनची केस: ०.२ ते ०.३ च्या आत.

मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नको. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला गंजच शोधायचा आहे.

शेवटच्या मापावर कमांडो हमखास नापास होते. तिचं इंजिन आयसोलॅस्टिक रबरांवर बसवलेलं आहे. फ्रेमला दिलेला अर्थ इंजिनापर्यंत नीट पोचतच नाही आणि स्टार्टरचा सगळा प्रवाह हेड स्टेडी, केबल, मिळेल त्या वाटेने परतायला बघतो. बॅटरीच्या अर्थ टोकापासून थेट इंजिनच्या केसवर एक स्वतंत्र जाड वायर टाका. पावडर कोटिंग केलेल्या फ्रेमच्या ट्रायम्फवरही हेच करा. वायर २५ चौरस मिमी तांब्याची, लांबी कमीत कमी, लग (वायरच्या टोकाचे कान) दाबून बसवलेले. या एका वायरने फिरण्याचा वेग कानाला कळण्याइतका वाढतो.

एवढं करूनही प्रेस्टोलाइट कमी पडत असेल तर दोन कार्बनऐवजी (ब्रशऐवजी) चार कार्बनची मोटर बसवा. चालू करताना किकने कॉम्प्रेशन शोधा, पिस्टन अगदी थोडा त्याच्या पुढे न्या आणि मग बटण दाबा. मोटरला धावायला जागा मिळते.

सावध: बटण पाच सेकंदांहून जास्त नाही, आणि दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिन अजून फिरत असताना पुन्हा बटण दाबू नका.

## टप्पा ८: नवा किट बसवण्याआधी

कमांडोसाठी फ्रान्सचं आल्टन आणि अमेरिकेतलं कोलोरॅडो नॉर्टन वर्क्स किट बनवतात. आल्टनचे काही ट्रायम्फसाठीही आहेत. किट कोणताही असो, त्यात स्प्रॅग क्लच असतो: स्टार्टर फिरवतो तेव्हा पकडणारा आणि इंजिन पळायला लागलं की सोडून देणारा. इंजिन उलटं फिरलं तर तो पकडलेलाच राहतो आणि सगळा धक्का त्याच्या रोलरवर, गिअरवर आणि केसच्या ॲल्युमिनियमवर बसतो. सेल्फवाल्या कास्ट आयर्न बुलेटचे स्प्रॅग जातात तेही बहुतेक याच वाटेने: बॅटरी अर्धी, टायमिंग पुढे, आणि तरीही बटण दाबत राहणं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एवढं हवं:

१. थंड इंजिन सलग काही सकाळी तिसऱ्या किकच्या आत चालू होतंय आणि किक एकदाही उलटी येत नाही.

२. टायमिंग स्ट्रोबने लावलेलं आहे. जुना ॲनालॉग बॉयर असेल तर तो बदलून मायक्रोप्रोसेसरवाला संच घ्या. सेल्फ दाबताना व्होल्टेज पडतं, आणि नेमकं तेव्हाच जुन्या संचाचं टायमिंग बिघडतं. ही जोडी एकत्र ठेवू नका.

३. चार्जिंग पुरतं आहे. इंजिन ३००० आरपीएमला, हेडलाइट लावून, बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसावेत. लुकासचा जुना १२० वॉटचा अल्टरनेटर हेडलाइट आणि कॉइल भागवून फार थोडं उरवतो. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सेल्फने घेतलेलं तो परत भरू शकत नाही. किटसोबत तीन फेजचा अल्टरनेटर येत नसेल तर तो खर्च आत्ताच धरा.

४. १४ अँपिअर-अवरची, किटच्या कंपनीने सांगितलेल्या ताकदीची बॅटरी तुमच्या ट्रेमध्ये मावते. किट आल्यावर ट्रे कापायची वेळ आणू नका.

बसवताना प्रायमरी चेनचा ताण आणि अल्टरनेटरच्या रोटर-स्टेटरमधली फट, साधारण ०.२ मिमी, सगळीकडून मोजा. रोटर घासला तर पहिल्याच दिवशी चार्जिंग जातं. प्रायमरीत किटवाल्यांनी सांगितलेलंच ऑइल, सांगितलेल्या पातळीला. स्प्रॅगला वंगण तिथूनच मिळतं.

किकचा दांडा काढू नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर स्टार्टरचे बोल्ट, दोन्ही जाड वायरींचे लग आणि बॅटरीचे क्लॅम्प पुन्हा आवळा आणि टप्पा ७ मधली चारही मापं परत घ्या. ती वहीत लिहून ठेवली की पुढे सेल्फ मंदावला तर बॅटरी गेली की वायर, हे दोन मिनिटांत ठरतं.